मागच्या जुलैतलं फूल

खिडकीपाशी बसा. खुर्ची कुठलीही चालेल, पाठ टेकली तरी चालेल. इथं कसली साधना नाही, एका झाडाकडे पाहायचं आहे. हातात चहाचा कप असेल तर असू द्या. डोळे मात्र मिटू नका. मिटल्या डोळ्यांपुढे येतं ते आठवणीतलं झाड, आणि आठवणीतल्या झाडाला कधी कीड लागत नाही.

मार्च आहे. मिनेसोटातला मार्च. आपल्याकडची होळी, पळस, दुपारचा उन्हाळा, सगळं बाजूला ठेवा. अंगणात अजून घोटाभर बर्फ आहे. दिवसा तो वरवर वितळतो, रात्री पुन्हा कडक होतो, त्यामुळे त्यावर काचेसारखी साय धरली आहे. त्या बर्फात दीड मजला उंचीचं एक झाड उभं आहे. पान एकही नाही. फांद्यांना देठांसकट लोंबणारी, वाळल्या करवंदांसारखी फळं. हे माझं क्रॅबॲपल. सफरचंदाच्याच कुळातलं, चुलत भावंड म्हणा. दोघांतला फरक बागवाल्यांनी मोठ्या सोयीनं ठरवला आहे: फळ पाच सेंटिमीटरपर्यंतचं असेल तर क्रॅबॲपल, त्याहून मोठं असेल तर सफरचंद. झाडाला हे कुणी सांगितलेलं नाही.

नुसतं पाहा. किती वेळ ते ठरवू नका. नजर आधी फुलं शोधेल, कारण या झाडाचं नाव काढलं की सगळ्यांना फुलंच आठवतात. इथल्या नर्सरीत कुंडीला चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावरही फुलांचाच फोटो. फुलं वर्षातून आठ-दहा दिवस, मेच्या मध्याला. त्यात एक वादळी पाऊस झाला की पाच. उरलेले साडेतीनशे दिवस झाड फुलांवाचून असतं, आणि सांभाळायचं असतं ते तेव्हा.

आता नजर सावकाश खाली आणा. अगदी बुंध्याशी.

बुंधा जमिनीत शिरतो तिथं परकराच्या घेरासारखा किंचित फाकलेला दिसतोय? मुळं जिथून बाजूला निघतात ती ही जागा. ती उघडी, हवेत असायला हवी. विजेचा खांब पुरावा तसा बुंधा सरळसोट मातीत घुसलेला दिसला तर समजावं, झाड खोल लावलंय. मला तेव्हा हे समजलं नाही. 2009 साली आणलेलं पहिलं झाड कुंडीत जसं होतं तसंच मी खड्ड्यात ठेवलं. कुंडीतच त्याची मान चार बोटं मातीखाली गेलेली होती. नर्सरीनं तसं भरलेलं, आणि मीही उकरून पाहिलं नाही. वर हौसेनं लाकडाच्या ढलप्यांचा ढीग बुंध्याला टेकवून रचला, वाळूत मुलं देऊळ करतात तसा नीटनेटका. झाड पाच वर्षं हिरवं राहिलं, त्यामुळे मला आपण फार शहाणे वाटत होतो. सहाव्या वर्षी एका बाजूची पानं बारीक आली. मग ती बाजू वाळली. उपटलं तेव्हा दिसलं, कुंडीत गोल फिरलेलं एक मूळ बुंध्याभोवती फास आवळावा तसं बसलं होतं.

मी बाबांना फोनवर सांगितलं. काटोलकडे बाबांची संत्र्याची बाग होती, चारशे झाडं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कलमाची गाठ दिसत होती काय वं?"

संत्र्याचं कलम लावताना डोळा भरल्याची जागा जमिनीपासून वीतभर वर ठेवतात. ती मातीत गेली की डिंक्या आलाच. सालीतून डिंक पाझरतो आणि झाड उभ्या उभ्या जातं. हे मी परकरात असल्यापासून ऐकलेलं, पाहिलेलं. मग अंगणातल्या झाडाचं नाव इंग्रजी झाल्याबरोबर घरचं ज्ञान इथं चालायचं नाही, असं मला का वाटलं? या प्रश्नापाशी थोडं थांबू या. उत्तराची घाई नाही. मला अजून सापडलेलं नाही.

दुसरं झाड 2015 च्या सप्टेंबरात लावलं, तेच हे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. मान आधी बोटांनी उकरून मोकळी केली, गोल फिरलेली मुळं कात्रीनं तोडली. ढलपे अजूनही घालते, पण बुंध्यापासून वीतभर अंतर राखून, आळं करावं तसे.

नजर बुंध्यावरून वर येऊ द्या. रेंगाळत.

कमरेपर्यंत झाडाला प्लॅस्टिकचं पांढरं वेटोळं आहे. नोव्हेंबरात मी ते चढवते, एप्रिलात काढते. थंडीसाठी असेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण ते उन्हासाठी आहे. हिवाळ्यातलं दुपारचं तिरपं ऊन नैर्ऋत्येकडून सालीवर पडतं, साल तापते, आतल्या पेशी जाग्या होतात. सूर्य मावळला की पारा धाडकन खाली. जागी झालेली साल मरते आणि उभी फाटते. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं, साल झोपलेली राहते. वेटोळ्याच्या बाहेरून बारीक तारेची जाळी आहे, ती सशांसाठी. बर्फात दुसरं काही मिळेना की ससे कोवळी साल कुरतडतात. चहूबाजूंनी कुरतडली की झाड संपलं. यात एक गंमत आहे. बर्फ जितका साचेल तितका ससाही उंच होतो, म्हणून जाळी बर्फाचा अंदाज घेऊन वर न्यावी लागते. माझा अंदाज एकदा चुकला होता. फांदीखाली दातांची खूण आहे, पाहा.

बाबांकडे पावसाळ्याआधी खोडांना बोर्डो पेस्ट लावत. मोरचूद एकीकडे भिजवायचं, कळीचा चुना दुसरीकडे, मग प्लॅस्टिकच्या बादलीत दोन्ही मिसळून काठीनं ढवळायचं. लोखंडाची बादली घेतली तर बाबा ओरडत, मोरचूद ती खातं. सांजेला बागेत उभं राहिलं की चारशे फिकट निळे पाय दिसायचे, वरची झाडं अंधारात गेलेली. इथं हिवाळ्यात पाचलाच अंधारतं. मी भांडी घासता घासता खिडकीतून पाहते, तेव्हा बर्फात एकच पांढरा पाय असतो.

आई-बाबा एकदाच आले, 2018 च्या मेमध्ये. झाड नुकतं फुलायला लागलं होतं. ही जात प्रेअरीफायर. इलिनॉय विद्यापीठात डॅनियल डेटन यांनी तयार केलेली, 1982 साली बाजारात आलेली. कळी गर्द किरमिजी, उमलली की राणी रंगाकडे जाते, पानंही कोवळेपणी तांबूस. पाच पाकळ्या, मधे केसरांचा झुबका, आणि बागेतल्या सगळ्या मधमाश्या तिथंच. बाबा हात मागे बांधून झाडाभोवती फिरले.

"फळ केवढं येते?"

मी करंगळीचं पेर दाखवलं.

"खाता येते?"

"येतं. आंबट-तुरट लागतं." एकदा चिंचेऐवजी मी ती फळं वरणात टाकली होती. वरण कुणी खाल्लं नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"मंग बाजार?"

"नाही बाबा."

बाबा बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले. त्यात तिरस्कार नव्हता, खरोखरची अडचण होती. मग म्हणाले, "मंग हे झाड करते काय?"

हा प्रश्न आपणही एकदा झाडाकडे पाहत मनात म्हणून पाहू या. हे झाड करतं काय? आत्ता, या बर्फात, या मिनिटाला?

मी तेव्हा बाबांना त्यांच्या कामाचं उत्तर दिलं. सफरचंदाच्या बहुतेक जातींना आपल्याच जातीचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. म्हणून बागांमधून मध्ये मध्ये क्रॅबॲपल लावतात. ते लदबदून फुलतं आणि मधमाश्या त्याचा पराग शेजारच्या झाडांवर नेतात. आणखी एक सांगितलं. सफरचंदाच्या पानांवर बुरशीचे काळपट डाग पडतात, ओल्या वसंतात तो रोग बागाच्या बागा खराब करतो. त्याला न जुमानणारा गुण सापडला तो जपानच्या एका फुलांच्या क्रॅबॲपलमध्ये, मॅलस फ्लोरिबंडाच्या 821 क्रमांकाच्या रोपात. अमेरिकेतल्या पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांनी मिळून तो पिढ्यानपिढ्यांच्या संकरातून खायच्या सफरचंदात आणला. 1970 साली त्यातून प्रायमा नावाची जात निघाली. म्हणजे ज्याचं फळ कुणी खात नाही, त्याच्या जिवावर खायचं फळ तरलं.

बाबांचा चेहरा खुलला. "जंबेरीची जात आहे मंग."

जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं रानटी लिंबू. तिचं फळ कोण विचारतो? पण नागपुरी संत्र्याचं कलम तिच्या खुंटावर बांधतात, बागेचा पाय तीच असते. त्या दिवसापासून आमच्या घरात या झाडाला जंबेरीच म्हणतात. माझ्या मुलांना वाटायचं, क्रॅबॲपलला मराठीत हाच शब्द आहे. मी दुरुस्त केलं नाही.

पण खरं सांगायचं तर मी बाबांना दिलेलं उत्तर माझ्या झाडाचं नव्हतंच. माझ्या आसपास सफरचंदाची बाग नाही. म्हणून प्रश्न अजून तसाच ठेवू. तो धरून आणखी थोडा वेळ फांद्यांकडे पाहा.

फांद्यांवर कळ्या आहेत. इथून दिसत नाहीत, पण आहेत, शेकडो. थंडी सुरू झाल्यापासून त्या थंडीच मोजत बसलेल्या असतात. शून्य ते सात अंशांच्या आसपासची थंडी शेकडो तास अंगावरून गेल्याशिवाय या झाडाची झोप पुरी होत नाही, आणि झोप पुरी झाल्याशिवाय कितीही ऊब दिली तरी ते नीट फुलत नाही. नागपुरात किंवा पुण्यात लावलं तर जगेलही कदाचित, पण फुलांची आशा नको. आपल्या बाजूला हे कूळ भेटतं ते हिमालयात. तिथं मॅलस बकाटा नावाचं पांढऱ्या फुलांचं क्रॅबॲपल रानात आपलं आपण उगवतं. माझ्या झाडाचा थंडीचा हिशेब केव्हाच पुरा झालेला आहे. आता ते उबेची वाट पाहतंय, तुमच्या-माझ्यासारखीच.

संत्र्याला आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाडं मलूल होतात, पानं कोमेजून खाली वळतात. शेजारपाजारच्यांना वाटतं, बाग गेली. बाबा रोज सकाळी एकेक पान बोटांत दुमडून पाहत. एक दिवस उशीर झाला तर झाड खचतं, लवकर पाणी सोडलं तर बहार फुटत नाही. जानेवारीत पाणी सोडलं की फेब्रुवारीत बागेत शिरल्या शिरल्या डोकं भणभणेल असा फुलांचा वास. पाणी कुणीही देतं, ताण द्यायला छाती लागते, असं बाबा म्हणत. इथं ते काम आभाळ करतं. मला नुसतं पाहायचं असतं, आणि तेच जड जातं.

थोडं इकडचं तिकडचं. 1861 च्या वसंतात लेखक हेन्री डेव्हिड थोरो मॅसॅच्युसेट्सहून मिनेसोटात आला. क्षय झालेला, हवापालटासाठी. वाटेत मिशिगनमध्ये त्याला आगगाडीच्या खिडकीतून गुलाबी फुलांचं एक झाड दिसलं, आणि हे तर रानातलं क्रॅबॲपल, इतकी वर्षं जे पाहायचं राहिलं तेच, हे त्याला उमगलं. गाडी थांबली नाही. मग सेंट अँथनी धबधब्यापाशी, म्हणजे आजच्या मिनिॲपोलिसात, तो ते शोधत राहिला. अखेर धबधब्याच्या आठ मैल पश्चिमेला सापडलं. त्यानं झाडाला हात लावला, वास घेतला, उरलासुरला एक फुलांचा घोस वहीत दाबून ठेवायला घेतला. पुढच्या वर्षी 6 मे रोजी तो गेला. त्याचा रानटी सफरचंदांवरचा निबंध छापून आला तो त्यानंतर, 1862 च्या नोव्हेंबरात. त्याचं झाड इथल्या मातीतलं, माझं संकराचं, तेव्हा उगाच नातं जोडत नाही. पण आजारी माणूस एवढा लांब येऊन एका झाडाचा वास घेतो. हे झाड करतं काय, असं त्यानं विचारलं असेल असं वाटत नाही.

चहा संपला असेल. उठा. जॅकेट, टोपी, बूट. एक हातमोजा राहू द्या, दुसरा हात उघडा लागेल. कात्री घ्या, आणि स्पिरिटची बाटली.

छाटणी आताच करायची, कळ्या फुगायच्या आत. ओल्या, उबदार दिवसांत फांदी कापली तर जखमेतून एक जिवाणू शिरतो. त्या रोगात कोवळा शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकतो आणि जाळल्यासारखा काळा पडतो. माझ्या झाडावर एका जूनमध्ये दोन शेंडे असे दिसले होते. काळ्या भागाच्या खाली हातभर निरोगी लाकूडही तोडलं आणि दर कापाला पातं स्पिरिटनं पुसलं. आज मार्चमध्ये तो जिवाणू थंडीनं निपचित आहे. तरी पातं पुसा, सवय मोडू नये म्हणून.

झाडाजवळ या. आधी कात्री खिशात ठेवा आणि झाडाभोवती एक पूर्ण चक्कर मारा. बुंध्याच्या तळातून काड्या वर आल्यात त्या खुंटाच्या, त्या काढा. फांद्यांवरून सरळ आभाळाकडे गेलेले पानसोट काढा. एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक काढा. कुठली, ते ठरवायला वेळ घ्या. प्रत्येक कापानंतर चार पावलं मागे सरका. बस्स, एवढंच. मी दरवर्षी एक फांदी जास्तच कापते आणि दरवर्षी हळहळते.

आता कापलेल्यांतली एक डहाळी उचला. उघड्या हाताचं बोट तिच्या शेंड्यावर ठेवा आणि बुंध्याच्या दिशेनं हळूहळू मागे न्या.

साल गुळगुळीत लागते. मग एकाएकी बोटाला खरखर जाणवते, बारीक सुरकुत्यांचं कडं, अंगठीसारखं. मागच्या हिवाळ्यात शेंड्याची कळी इथं होती, तिच्या खवल्यांच्या या खुणा. शेंड्यापासून या कड्यापर्यंतची लांबी म्हणजे एक वर्ष. अजून मागे चला. पुन्हा गुळगुळीत, पुन्हा कडं, दुसरं वर्ष. असं मोजत जाता येतं. मी वाचते, तुम्ही बोट फिरवा. हे 2024, वीतभर. हे 2023, जरा आखूड. हे 2022, मध्यम.

आणि हे 2021. दोन बोटं. जेमतेम.

त्या उन्हाळ्यात मिनेसोटात पाऊसच झाला नाही. हिरवळी पिवळ्या पडल्या, नदीकाठचे दगड उघडे पडले. झाडाला नळी लावून पाणी द्यायला हवं होतं, आठवड्याला एकदा तरी. मी दिलं नाही. ध्यानातच आलं नाही. एप्रिलच्या अखेरीला बाबा नागपूरच्या एका दवाखान्यात गेले. नेहमीची विमानं बंद होती. मी हे सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही अर्धवट, नेटवर्क जात-येत होतं. पंधरा-वीस दिवसांनी जंबेरी फुलली. मला तिचा संताप आला. एवढं फुलायचं काय होतं तिला, त्या वर्षी?

आता बोट त्या दोन बोटांच्या जागेवरच राहू द्या. श्वासाचं काही करू नका, तो आपला चालू आहे.

डहाळीच्या बाजूला बघा, आखूड, सुरकुतलेली, अंगठ्याच्या नखाएवढी एक काडी आहे. तिच्या टोकाला कळी. नुसत्या पानांची कळी बारीक आणि फांदीला चिकटलेली असते. ही फुगीर आहे, वर करड्या लवेची. डोळ्यांजवळ घ्या. खवले एकावर एक घट्ट बसलेत, कडेला तांबूस. नखानं उकललीत तर आत मोहरीहून बारीक हिरवे गोळे दिसतील, पाच-सहा. ती यंदाच्या मेची फुलं. ती आता तयार होत नाहीयेत, झालेली आहेत. या झाडाची फुलांची कळी धरते ती आदल्या उन्हाळ्यात, जून-जुलैच्या सुमाराला, जेव्हा फुलं केव्हाच झडून गेलेली असतात आणि झाडाकडे कुणाचं लक्ष नसतं. मेमध्ये आपण पाहतो ते मागच्या जुलैतलं फूल.

हे मला आधीही माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं. हातात डहाळी धरून कळलं ते फार उशिरा. 2021 च्या मेमध्ये जी फुललेली पाहून मला राग आला, ती 2020 च्या जुलैत धरलेली होती. तेव्हा बाबा रोज फोन करत होते. मास्क लावतेस का, गहू मिळतो का, अन् जंबेरी काय म्हणते.

पुढे 2022 साली मला वाटलं, तहानलेलं झाड आता फुलायचं नाही. फुललं. फार नाही, पण फुललं.

आवाज ऐका. वर, बारीक, शिट्टीसारखा, एकाच सुरात. डोकं सावकाश वर करा. सीडर वॅक्सविंग आले आहेत. तपकिरी, डोक्यावर तुरा, डोळ्यांवरून काळी पट्टी, शेपटीच्या टोकाला पिवळी किनार. ही फळं ऑक्टोबरात कुणी खाल्ली नाहीत. घट्ट होती, तुरट होती. हिवाळाभर गोठून, वितळून, पुन्हा गोठून ती आता मऊ पडली आहेत. चाळीसेक पक्षी असतील. दुपारी तीनला आले तर अंधार पडायच्या आत झाड रिकामं करून जातील. बाबा असते तर मी सांगितलं असतं, गिऱ्हाईक आहे, पण ते मार्चमध्ये येतं.

आपण झाडाखाली फार वेळ थांबायला नको, ते बिचकतात. कापलेल्या डहाळ्या गोळा करा. फुगीर कळ्या असलेल्या चार-पाच वेगळ्या काढा, बाकी कचऱ्यात. आत या, बूट दाराशीच काढा, बर्फ घरात वितळतो. डहाळ्यांची टोकं पुन्हा एकदा तिरपी कापून घ्या. काचेची फुलदाणी माझ्याकडे आहे, पण तिचं तोंड मोठं, डहाळ्या कलंडतात. स्टीलचं फुलपात्र बरं. त्यात निम्म्याच्या वर पाणी, आणि ओट्यावरच्या खिडकीत, थेट ऊन लागणार नाही असं ठेवा. घरातल्या उबेत दोन-तीन आठवड्यांत कळ्या उमलतात. बाहेर तोवर बर्फच असतो. घरात उमललेल्या फुलांचा रंग बाहेरच्यापेक्षा फिका येतो.

पाणी दोन दिवसांनी बदला. आज सोमवार आहे, म्हणजे बुधवारी.